पेटीतली इंजिनीअरकी

प्रस्तुत लेखकाकडे आटे पाडायच्या टॅप-डायची पेटी आहे, हे शीळफाट्यापासून काटई नाक्यापर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कारण ते लेखकानेच सांगितलेले आहे. उभी हयात बँकेत गेली, तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या पंपाचा विषय निघाला की ते ‘आम्हा मेकॅनिकल माणसांना’ अशी सुरुवात करतात आणि सेक्रेटरी पुढचा विषय पुकारतो.

अशा माणसाच्या दारात चेतक असणारच. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, त्या काळात वडिलांनी मिळवलेली. मध्यंतरी ठिणगीचे पॉइंट साफ करायला ती एका गॅरेजात गेली. पॉइंट मॅग्नेटच्या मागे असतात. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसते, अर्धचंद्राच्या आकाराची एक छोटी चावी त्याची जागा ठरवते आणि वरून नट. नट काढला तरी मॅग्नेट सुटत नाही, त्याला पुलर लावावा लागतो. गॅरेजात पुलर नव्हता, हातोडा होता. मॅग्नेट निघाले, पॉइंट साफ झाले आणि क्रँकच्या तोंडाचे आटे चेपले. आता नट टेकतो, अर्धा वळसा घेतो आणि तिरका होऊन बसतो.

यावर राजमार्ग म्हणजे इंजिन खोलून क्रँकच बदलायची. चेतकची क्रँक एकसंध नसते. दोन्ही बाजूंचे वेब मधल्या पिनवर दाबून बसवलेले असतात. टोकावर हातोडा पडला की नुसते आटेच बिघडतात असे नाही, क्रँक वाकडी फिरू लागण्याचीही भीती. गाडीवरच वेल्डिंग करून आटे भरावेत, तर ती उष्णता ऑइल सील आणि बेअरिंगपर्यंत जाते. म्हणून क्रँक सरळ फिरते आहे ना हे आधी बघायचे आणि आटे जागच्या जागी सुधारतात का ते तपासायचे, हे रीतसर झाले. पेटी उघडायला मिळते, हे लेखकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे.

पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली गेली. आधी पिच गेज. त्याची एकेक दातेरी पाती आट्यांवर धरून उजेडाकडे बघायचे. मध्ये फट दिसली की ती मिटून पुढची काढायची. फट नाहीशी झाली की आट्यांतले अंतर कळले. हे करताना लेखकाचा चेहरा शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरसारखा होतो. भोवती दोन मुले जमली, त्यांना प्रश्न पडला नव्हता, तरी उत्तर सुरू झाले.

उत्तर व्हिटवर्थपासून सुरू होते. या घरात तो इतक्या वेळा येतो की त्याच्या नावाचा चहा टाकायचाच तेवढा बाकी आहे. मँचेस्टरचा जोसेफ व्हिटवर्थ. त्याच्या आधी ज्याचा त्याचा कारखाना आणि ज्याचे त्याचे आटे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सांगून टाकले: आट्याचा कोन ५५ अंश, आणि अमुक जाडीला इंचात अमुक आटे. पुढे बारा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोचली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिच्या इंजिनांची नावे ठाणेकर घडाघडा सांगतात. नट-बोल्टची चौकशी एकही करत नाही, याची लेखकाला आजतागायत खंत आहे. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा पुढे केला, कारण तो कोन बनवायला आणि तपासायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे सैन्य एकत्र लढले, पण इंग्रजी नट अमेरिकन बोल्टवर चढेना. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ६० अंशांवर एक झाले. मेट्रिक आटाही ६० अंशांचाच. भारताने मेट्रिक मापांचा कायदा केला १९५६ मध्ये, चेतक रस्त्यावर आली १९७२ मध्ये, म्हणजे बघा...

“अहो, पण तो नट बसला का?” जिन्यावरून विचारणा झाली.

नट बसला नव्हता. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा याच शीळफाट्याला बाहेर पडायचा आहे. त्यातले सात किलोमीटर तर ठाणे खाडीच्या खालून. घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपारही झाला. त्याच शीळफाट्यावर, बोटभर जाडीच्या शाफ्टवर एक नट सरळ चढेना.

पेटीतून डाय निघाली, हँडलमध्ये बसली, आणि तेवढ्यात डोंबिवली एमआयडीसीत लेथ चालवणारे एक टर्नर घरी जाता जाता पार्किंगमध्ये डोकावले.

“साहेब, डाय फिरवली नाहीत ना अजून?”

“आत्ताच फिरवणार होतो.”

“मग ठेवा ती पेटीत.”

ते खाली बसले. चेपलेल्या तोंडावर डाय सरळ धरत नाही. ती तिरकी शिरली तर चांगले आटेही कापत जाते. त्यांनी इंजिनाच्या उघड्या बाजूला फडके कोंबले, कीस आत जाऊ नये म्हणून. बारीक तिकोनी कानस घेतली, शाफ्टच्या तोंडाला हलका उतार दिला, आणि मग कानशीची धार चेपलेल्या आट्यात टेकवून, आतल्या चांगल्या आट्याची दिशा धरून, एकाच बाजूला हलके हात मारले. मध्येच थांबून नखाने खाच चाचपली. नट घट्ट झाला की सर्वांत जास्त भार मॅग्नेटकडच्या आट्यांवर येतो, पहिलाच साधारण एक तृतीयांश उचलतो. बिघडलेले आटे तर नट बसल्यावर बाहेर उरणारे. त्यांचे काम नटाला वाट दाखवण्याचे, तेवढे ते पुन्हा करू लागले म्हणजे झाले.

नट बोटांनी फिरत आत गेला. पाना लागला तो शेवटच्या आवळणीला.

हे गृहस्थ पूर्वी प्रीमिअरच्या मोटार कारखान्यात होते. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या त्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्युजो ३०९ तयार होत असे. आता रस्त्यावर नाव उरले आहे आणि भोवती उंच इमारती आहेत. कारखाना थांबल्यावर त्यांच्याबरोबरचे कोणी रिक्षा चालवू लागले, कोणी गेटवर बसले. त्यांच्या मुलाला लेथ नको आहे आणि त्यांचाही आग्रह नाही. नखाने आटा वाचणारा हा माणूस हाताला पुसायला फडके मागतो आणि चहाशिवाय काही घेत नाही, हे बघून लेखकाला राग आला. नेमका कोणावर, ते सांगता येईना, म्हणून तो हातोड्यावर निघाला.

पुढच्या मीटिंगमध्ये ‘आम्ही परवा क्रँकचे आटे सुधारले’ असे वाक्य झाले. सेक्रेटरीने पुढचा विषय घेतला.

वाचकांना विनंती एवढीच: जुनी स्कूटर गॅरेजात टाकाल तेव्हा मॅग्नेट काढायला पुलर आहे का, हे आधी विचारा. नसेल, तर गाडी ढकलत पुढच्या गॅरेजला न्या.