पेटी बोलली, तरच खरं

2016 मध्ये यूपीआय आलं आणि सुट्ट्या पैशांऐवजी हातावर टेकवली जाणारी गोळी हळूहळू बंद झाली. सोय झाली, नाही कोण म्हणतं? पण खरी कमाल त्यानंतरची: गल्ल्याशेजारी विराजमान झालेली बोलकी पेटी. पोटात सिमकार्ड, बाकी नुसता गळा. कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये दिले, तरी ती सगळ्या मंडईला ऐकू जाईल असा पुकारा करते. 2023 मध्ये फोनपेने तर या कामाला अमिताभ बच्चन यांचा आवाज जुंपला. आता दहा रुपयांनाही भारदस्तपणा आला म्हणायचा.

आमचा भाजीवाला माझ्या मुलीच्या लग्नात जेवून गेलेला. मी मोबाइलवरची हिरवी खूण त्याच्या नाकासमोर धरतो. तो पेटीकडे बघतो. पेटी गप्प.

"थांबा काका, रेंज नाहीये."

म्हणजे माझी पत बँकेत नाही, टॉवरवर! मी, तो आणि मागे खोळंबलेल्या दोन मावशी, सगळे त्या पेटीच्या तोंडाकडे बघत उभे. अखेर घोषणा होते. मी पिशवी उचलतो.

"ती नारळवाल्याची होती, काका."