लॉगवाले भाऊ

वर्धेत आर्वी नाक्यापासून बॅचलर रोडपर्यंत कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात विचारा, "लिनक्सचं पाहणारं कोणी आहे का?" दुकानदार आधी तुमच्याकडे दयेनं पाहतो आणि मग एक नंबर देतो. त्याच्या मोबाइलमध्ये त्या नंबरापुढे नाव नसतं, 'लॉगवाले भाऊ' एवढंच असतं. असा माणूस हिंगणघाटला सापडतो, पुलगावलाही सापडतो. मात्र एका गावात एकच. दोन झाले, तर कोणतं लिनक्स चांगलं यावरून त्यांचं बोलणं बंद होतं.

वय चाळिशीच्या आगेमागे. शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर आणि खोडरबर, किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह. खोडरबर रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात घासायला. कित्येक दुखण्यांवर हा उपाय लागू पडतो आणि भाऊंना त्याची जरा लाजच वाटते, कारण त्यात काही टाइप करावं लागत नाही.

त्यांची दीक्षा टपालानं झाली. 2005 पासून कॅनॉनिकल कंपनी उबुंटू या लिनक्सच्या सीडी मागेल त्याला घरपोच फुकट पाठवायची. 2011 साली तिनं ते बंद केलं. भाऊंनी तेवढ्यात होस्टेलमधल्या एकूण एक पोट्ट्याच्या नावानं सीडी मागवून घेतल्या होत्या. वाटून उरल्या त्या आता वडिलांच्या वावरात ज्वारीवर टांगल्यात, पाखरं हाकलायला. त्या सीडींना घाबरण्याच्या बाबतीत पाखरं आणि गिऱ्हाईक यांत फारसा फरक नाही.

भाऊंचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे. माणूस खोटं बोलतो, लॉग, म्हणजे मशीननं स्वतःच लिहून ठेवलेली नोंदवही, बोलत नाही. एप्रिलात, पारा 43 च्या पुढे गेलेला, एका जिनिंगच्या ऑफिसातून बोलावणं येतं. जुन्या डब्यावर विंडोज चालेना, म्हणून कुणीतरी कधीकाळी उबुंटू टाकून दिलेलं.

"व्हायरस घुसला भाऊ. रोज दुपारी आपोआप बंद होऊन रायला."

"काय केलं होतं त्याले?"

"काहीच नाही केलं बाप्पा!"

"थांबा मुनीमजी. त्यालेच विचारू."

मग काळी खिडकी उघडते. भाऊ पासवर्ड टाकतात. पासवर्डाची अक्षरं पडद्यावर उमटत नाहीत, इथली रीतच तशी. मुनीमजींना वाटतं, आता कीबोर्डही गेला. डीमेसेज म्हणून एक आज्ञा आहे, ती दिल्यावर ओळींचा पूर येतो. त्यात कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पुन्हा पुन्हा कळवतोय की प्रोसेसर तापलाय, मी त्याचा वेग कमी करतोय. भाऊ डबा उघडतात. पंख्यानं हंगामभर ओढलेल्या कापसाची हीटसिंकवर गादी जमलेली. "हा घ्या तुमचा व्हायरस," म्हणत ते ती अखंड सोलून मुनीमजींच्या हातात ठेवतात. "वजन करून घ्या, भाव चांगला आहे."

दुसरं नेहमीचं दुखणं विजेचं. लाइट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते, आणि मशीन पुन्हा चालू केली की इंग्रजीत चार ओळी दाखवून अडून बसते. गिऱ्हाईक त्याचा फोटो पाठवतं, तिरपा, आणि फ्लॅशचा उजेड नेमका मजकुरावर. सरळ फोटो मागवला की दिसतं, पडद्यावर स्वच्छ लिहिलंय: फाइलींची मांडणी विस्कटली आहे, एफएससीके ही आज्ञा हाताने चालवा. म्हणजे मशीननं आपलं औषध आपणच लिहून दिलेलं आहे! भाऊ तेवढंच टाइप करतात आणि जादूगार ठरतात. माझं मत विचाराल तर त्यांची बारा आणे विद्या यात आली. समोर लिहिलेलं वाचायचं. उरलेली चार आणे म्हणजे न घाबरता वाचायचं.

युनिक्स बेल लॅब्जमध्ये 1969 साली जन्मलं आणि सेवाग्रामचं मेडिकल कॉलेजही त्याच साली निघालं, हे भाऊ चहाबरोबर सांगतातच. "दोन्हीकडे आधी हिस्ट्री पाहतेत. फरक एवढाच, की तिथं पेशंटले विचारा लागते." कारण इकडे हिस्ट्री अशी आज्ञा दिली की मागे काय काय टाइप केलं ते ओळीनं समोर येतं. इंजिनिअरिंगचा एक पोरगा "मी हातही नाही लावला" अशी शपथ घेत होता. भाऊंनी यादी काढली. पोरानं व्हिडिओ पाहून अख्ख्या सिस्टिमवर चमॉड 777 चालवलेलं, म्हणजे सगळ्या दारांची कुलपं काढून फेकलेली. त्यानंतर सुडो, म्हणजे मालकाच्या हक्कानं आज्ञा देण्याची सोय, तीही काम करीना. पोरगं खाली पाहत राहिलं. भाऊ रागावले नाहीत. उलट त्यांच्या डोळ्यांत चमक आली: दुपारभराचं काम मिळालं होतं.

हेच त्यांचं खरं व्यसन. वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा आणि इंटरनेट त्या वायफायवरूनच यायचं, असा पेच पडला की ते खुलतात, स्वतःचा फोन यूएसबीनं जोडतात, गुणगुणतात. मशीन नीट चालू झाली की चेहरा पडतो. निघता निघता "कर्नल जुना आहे, अपडेट मारून देऊ का?" असं विचारतात. इथे ठामपणे नाही म्हणा. घरचा कॉम्प्युटर त्यांनी असाच अपडेट मारून ठेवलाय. त्याच्या डब्याला झाकण नाही, आणि वहिनी विजेचं बिल मोबाइलवरून भरतात.

या माणसाला नमवणारी वस्तू एकच, प्रिंटर. लॉग म्हणते काम पूर्ण झालं, आणि कागद कोरा. लॉग खोटं बोलू शकते, हा धक्का भाऊंना अजून पचलेला नाही. प्रिंटरपुढे ते आस्तिक होतात, तो बंद करून चालू करतात आणि हात जोडल्यासारखे उभे राहतात.

पैसे घेत नाहीत. फार आग्रह केला तर गोरसपाक बिस्किटांचा पुडा चालतो. तेव्हा बोलवायचंच असेल तर फाइलींची एक प्रत आधी बाहेर काढून ठेवा, पडद्यावर काय लिहिलंय ते कागदावर उतरवून घ्या, आणि 'मी काही नाही केलं' हे वाक्य गिळा. प्रिंटर बिघडला असेल तर मात्र दुसरा माणूस पाहा.