सामूहिक तसबिरीविषयी समस्त भाऊबंदांस अनावृत पत्र

समस्त भाऊबंद, सगेसोयरे, जावईमंडळी आणि ‘आलोच’ एवढे बोलून रसाच्या गुऱ्हाळाकडे अंतर्धान पावलेले सर्व, यांचे सेवेशी,



गेल्या वैशाखात मुळशीच्या धरणाकाठी भरलेल्या आपल्या कुलसंमेलनाचा फोटो काढविण्याची कामगिरी आपण एकमताने माझ्या गळ्यात घातली, आणि आपल्या कुळात एकमताने झालेली ती पहिलीच गोष्ट असल्यामुळे मला ती नाकारवली नाही. त्या दिवशी आपण जे सहकार्य केले त्याबद्दल आभार मानावयास शब्द अपुरे आहेत असे मी म्हणणार होतो. परंतु विचारान्ती शब्द पुरेसे आहेत असे आढळून आल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

पौडहून आलेल्या छायाचित्रकाराने सकाळी नऊ वाजता तिवई रोवली आणि मुले सतरंजीवर, वडीलधारी खुर्च्यांवर, प्रौढ मंडळी त्यांच्या मागे उभी व उंच तरुण शाळेतून मागून आणलेल्या बाकांवर, अशी चार रांगांची योजना पाच मिनिटांत सांगितली. ती अमलात यावयास दुपारचे साडेतीन वाजले. खुर्च्या पंधरा होत्या आणि वडीलधारेपणाचे दावेदार एकतीस निघाले. मधल्या खुर्चीवर थोरल्या पातीचे नाना टेकतात न टेकतात तोच धाकट्या पातीच्या काकांनी हरकत घेतली की, आपण वयाने नानांहून सात वर्षांनी लहान असलो तरी नात्याने त्यांचे चुलते आहोत, सबब मधली खुर्ची आपली. नाना काहीच बोलले नाहीत. त्यांनी त्या प्लास्टिकच्या खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, आणि काठच्या भुसभुशीत मातीत तिचा मागचा पाय हळूहळू रुतून ती डावीकडे कलू लागली तरी ते जागचे हलले नाहीत. कारण उठले की ताबा गेला. कडेची जागा तर कोणासच नको होती, रुंद कोनाच्या भिंगात कडेचा मनुष्य आडवा ताणला जातो हे शास्त्र एका भाच्याने नको त्या वेळी उघड केले होते.

ह्यात आपला दोष तरी किती धरावा? इतर तालुक्यांतील भाऊबंदांना एकमेकांचे बांध कोरावयास शिवारे आहेत. आपले बांध पाण्याखाली आहेत. 1921 च्या रामनवमीस ‘जान किंवा जमीन’ म्हणत ज्या सत्याग्रहाला ह्या पेट्यात आरंभ झाला, ज्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केले, तो 1924 पर्यंत रेटूनही मुंबईच्या विजेसाठी मुळा नदी अडली, आणि पन्नासच्या आसपास गावे आंबेमोहोराच्या खाचरांसकट बुडिताखाली गेली. तेव्हापासून सातबाऱ्यावरून भांडावे असे आपणांपाशी फारसे उरले नाही. म्हणून तीन पिढ्यांची तुंबलेली मोजणी, तकसीम आणि हद्दखुणांचे वाद आपण त्या दिवशी चाळीस फुटांच्या पट्ट्यावर एकदम निकालात काढावयास घेतले, असा माझा समज आहे.

एवढे सर्व स्थिरस्थावर होते न होते तोच मोठ्या आत्याबाईंनी फर्मान काढले. पाण्याची शोभा पार्श्वभूमीस यावी म्हणून आपणां सर्वांच्या पाठी धरणाकडे केलेल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, “घराकडं पाठ करून मी बसायची नाही.” आत्याबाईंचा जन्म घर बुडाल्यानंतरचा, तरीही माजघर कोठे, गोठा कोठे, देवघराची खोली कोणत्या पातीकडे, हे त्या पाण्यावर बोट दाखवून सांगू लागल्या, आणि देवघराच्या मुद्द्यावर दोन्ही पातींनी जागच्या जागी पुरावा मागितला. अखेर त्र्याऐंशी माणसे, पंधरा खुर्च्या आणि सहा बाके उलट दिशेस फिरविण्यात आली. दिवसभरातील ह्या एकाच हुकमास कोणी हरकत घेतली नाही, ही नोंद मी मुद्दाम करतो.

परिणामी पाण्यावरून परतणारे उतरते ऊन थेट आपल्या डोळ्यांत आले. समूहचित्रात कोणाचेही डोळे मिटलेले निघू नयेत यासाठी किती चित्रे काढावीत, ह्याचे गणित मांडल्याबद्दल ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना 2006 साली ‘इग् नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले. माणसे विसांहून कमी असतील तर उजेड चांगला असता त्यांच्या संख्येस तिनाने भागावे, मंद असता दोनाने. पन्नासाच्या घरात गेल्यावर आशाच सोडावी, असे ते गणित सांगते. ह्या विद्वानांनी पाण्यावरची तिरीप आणि ऐन क्षणी “अगं, तुझा पदर!” असे ओरडणाऱ्या वहिनी हिशेबात धरलेल्या नाहीत. काचेच्या पट्टिकांच्या काळी बैठक लांबे, म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावून माणसास स्थिर करीत. त्या प्रथेस रानटी म्हणणाऱ्या माझ्या पूर्वीच्या मताचा मी ह्या पत्राद्वारे जाहीर त्याग करतो.

काढलेल्या त्रेचाळीस चित्रांपैकी त्यातल्या त्यात बऱ्या चित्रात सतरा जणांचे डोळे मिटलेले आहेत. नाना कललेले आहेत. न्यू जर्सीच्या पुतण्याचा चेहरा ज्या मोबाईलवर उंच धरला होता, त्यावर केवळ चकाकी आहे. पार्श्वभूमीस धरणाऐवजी रसाचे गुऱ्हाळ असून त्याच्या बाकावर ‘आलोच’ म्हणून गेलेले चौघे स्पष्ट दिसतात. उजेड त्यांच्यावरच उत्तम पडला आहे. दोन धाकट्या सुना पंगतीची भांडी आवरीत राहिल्या आणि त्यांना हाक मारावयाचे आपणांपैकी एकासही सुचले नाही, हे मात्र प्रती हाती आल्यावर तीन दिवसांनी ध्यानात आले. मधल्या खुर्चीचा वाद त्यापूर्वीच फोनवर पुन्हा सुरू झाला होता.

प्रती पौडला तयार आहेत. पैसे रोख द्यावेत. पातीच्या खात्यावर टाकण्याची वहिवाट बंद करण्यात आली आहे. तसबिरीखाली सर्वांची नावे छापावयाची असल्यामुळे एक विनंती: चौथ्या रांगेत डावीकडून नववे, पांढऱ्या टोपीचे जे गृहस्थ डोळे उघडे ठेवून, हनुवटी योग्य उंचीवर धरून प्रसन्नपणे उभे आहेत, ते कोणत्याही पातीचे नाहीत, जावई नाहीत, आणि दोन्ही पंगतींना जेवले असे वाढपी सांगतात. ते कोण, हे ज्यांस ठाऊक असेल त्यांनी ज्येष्ठी पौर्णिमेच्या आत कळवावे.