कायमची दोन तारीख

आमच्या घरी दुधाचा हिशेब कालनिर्णयवर असतो. दूध आलं नाही त्या तारखेवर फुली, पाहुणे असले तर पेन्सिलीने 'अर्धा जास्त'. महिनाअखेरीला ही पाच मिनिटांत आकडा सांगते. बावीस वर्षं जावात काढलेल्या मला हे फारच मागास वाटलं. त्यात नुकतीच रस्ट ही दुसरी प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतलेली. नवा मिक्सर आला की आठवडाभर घरात दिसेल त्याची चटणी होते, तशातली गत.

रस्टमध्ये 2021 पासून व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं. दुधाच्या हिशेबाच्या प्रोग्रामात मी अभिमानाने लिहिलं, लेट दिवस = 1. मग दिवस तीसपर्यंत असेतो फिरणारा व्हाइल, महिरपी कंस, आणि आत दिवस = दिवस + 1. कंपायलरने तिथेच हात धरला. रस्टमधलं व्हेरिएबल मुळात बदलत नाही. दिला शब्द तो दिला. बदलायचं तर आधीच 'म्यूट' लिहून तशी मुभा घ्यावी लागते. कंपायलरने ते खाली सुचवलंही होतं. पण खालची सूचना मी औषधाच्या बाटलीवरचीही वाचत नाही. त्याच ओळीच्या डोक्यावर आणखी एक 'लेट' ठेवला आणि खाली दिवस छापायला सांगितलं. कंपायलर गप्प. मला वाटलं, समजूत पटली.

पडद्यावर 2 आलं. मग 2. मग पुन्हा 2. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला, पण महिना काही पुढे सरकेना. (पगार नुकताच झालाय, बिलं अजून यायचीयत. तसं पाहिलं तर यात वाईट काय होतं?)

झालं काय, ते कळलं आजोळचं घर आठवल्यावर. तिथे दोन नाना. ओटीवर आजोबा, माजघरात त्यांचंच नाव ठेवलेला नातू. माजघरात 'नाना' म्हटलं की पोरगा धावत येणार. ओटीवर पत्ताही नाही. आणि पोराने लाडू खाल्ला म्हणून आजोबांचं पोट भरत नाही. माझ्या दुसऱ्या 'लेट'ने कंसाच्या आत असाच एक नवा दिवस जन्माला घातला. बाहेरच्याच्या एकात एक मिळवून तो 2 झाला आणि कंस मिटताच वारला. व्हाइल मात्र दर फेरीला ओटीवर जाऊन विचारणार, "नाना, आज तारीख किती?" नाना म्हणणार, "एक." की लगेच आत नवा नातू, नवा लाडू.

याला शॅडोइंग म्हणतात, आणि एवढं होऊनही मला ते आवडतं. कुणी टाइप केलेलं वय आधी अक्षरं म्हणून घ्यायचं, मग त्याचा आकडा करून त्यालाही 'वय'च म्हणायचं. दुसरं बारसं नको. जावाला हे खपत नाही. मेथडमध्ये एक दिवस असताना आतल्या कंसात दुसरा काढला, की कंपाइलच होत नाही. तिच्या पदराखाली वाढल्यामुळे ही ठेच मला कधी लागलीच नव्हती.

दुसरा लेट खोडला, वर म्यूट घातलं. महिना तीस तारखेला सुखरूप पोचला, बिल निघालं. मी ते हिला वाचून दाखवलं.

"अहो, सहाला आणि एकोणीसला दूध आलंच नव्हतं."

फुल्या कालनिर्णयवर होत्या, प्रोग्रामात नव्हत्या. "थांब, घालतो," म्हणेपर्यंत तिने पेन्सिलीच्या मागच्या रबराने जुना आकडा खोडून नवा लिहिलाही होता. तिच्या हिशेबाला म्यूट कधी लावलं होतं, कोण जाणे.