वन्समोअर, नवरदेव!

संगीत नाटकातल्या ऑर्गनवाल्याला प्रेक्षक पाठमोराच ओळखतात. गिरगावच्या साहित्य संघात रंगमंचाच्या पायथ्याशी बसून मी बरीच वर्षं ऑर्गनचा भाता हाणला. नायिकेला वन्समोअर मिळाला की टाळ्या तिच्या आणि पोटऱ्यांना गोळे माझ्या!

पुढे प्रयोग विरळ झाले आणि मानधनाची 'नाइट' त्याहून विरळ. मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, गणपतीत भजनाला पेटी, हळदीला मिळेल ते. २०२० साली तर लालबागच्या राजाची मूर्तीच बसली नाही; मंडळाने आरोग्योत्सव केला, रक्तदान शिबिर भरवलं. रक्तदानाला पेटीची साथ लागत नाही. शेवटी लग्नकार्यांचे फोटो काढायला म्हणून फोर्टात बोरा बाजाराकडे जाऊन सेकंडहँड कॅमेरा घेतला. आई म्हणाली, "हीसुद्धा काळी पेटीच की रे. फक्त वाजत नाही, तेवढाच शेजाऱ्यांना आराम."

तालाचं अंग असेल तर कॅमेरा पटकन बसतो. शटरचा वेग एक-साठांश म्हणजे ठाय, एक-सव्वाशांश ही दुगुन आणि एक-अडीचशांश चौगुन. पळणारी करवली मात्र चौगुनीतही धड येत नाही. या बदलाला थोर पूर्वसूरीही सापडले. अमेरिकेचा ॲन्सेल ॲडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता, तो झाला छायाचित्रकार. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे त्याचं वादन, असं तो म्हणायचा. पण त्याने फोटो काढले डोंगरांचे. डोंगर पहिल्या पंगतीला जाऊन बसत नाहीत. आपल्याकडे मोहन वाघ छायाचित्रकाराचे नाट्यनिर्माते झाले, त्यांनी 'चंद्रलेखा' ही नाट्यसंस्था उभी केली. म्हणजे वाट तीच, मी फक्त उलट्या दिशेने चाललोय.

पैशांचं गणित वेगळं. नाटकात नाइटचं पाकीट प्रयोग संपता संपता हातात पडायचं. इथे उरलेले पैसे अल्बम पसंत पडल्यावर, आणि अल्बम पसंत पडेपर्यंत जावईबापू पसंत राहावे लागतात.

खरी कसोटी लग्नाची. परवा दादरला एका हॉलमध्ये होतो. मुहूर्ताला दोन मिनिटं. अंतरपाटाच्या अलीकडे नवरा, पलीकडे नवरी, मागे दिव्यांची जांभळी भिंत, त्यामुळे भटजींसकट सगळे वांग्यासारखे दिसत होते. मुलीच्या आत्याने माइक घेतला. मंगलाष्टक धरलं काळी एकमध्ये, दुसऱ्या ओळीला ती पांढरी तीनला पोचली आणि तिसरीला पट्टीच सोडली. माझा डोळा व्ह्यूफाइंडरला, पण डाव्या हाताची बोटं लेन्सवर सूर शोधायला लागली. झूम पुढे-मागे, पुढे-मागे! नवऱ्याला वाटलं, आपल्यावर काही खास प्रयोग चाललाय. त्याने हनुवटी वर केली.

शेवटचं 'सावधान' आलं. ही सम. सम म्हणजे माझ्या घरची. अंतरपाट हलला आणि बोट बरोब्बर पडलं. पण त्याच समेवर मुलाच्या मामांनीही मोबाइल वर केला होता. फोटोत मामांचा पंजा, अंगठीतला पुष्कराज, आणि दोन बोटांच्या फटीत नवरीचा डावा कान.

नाटकात अशा वेळी काहीच बिघडत नाही. चुकलेला सूर हवेत विरतो, लोक घरी जाऊन झोपतात. इथे मामांचा पुष्कराज पन्नास वर्षं अल्बममध्ये राहिला असता. मी पुढे झालो आणि जे आयुष्यभर दुसऱ्यांनी आमच्याकडे मागितलं ते मीच मागितलं, "वन्समोअर! नवरदेव, हार परत एकदा." हार पुन्हा घातले गेले. तिसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी नवरी हसली, फोटो झकास आला. वन्समोअरला गाणं अधिक रंगतं, हा गुण हारांतही आहे.

जेवताना मुलीचे आजोबा जवळ आले. "तुम्ही साहित्य संघात ऑर्गनला असायचात का?"

"हो."

"जरा पाठ फिरवा बघू."

मी फिरलो. "तेच तुम्ही!" आजोबा खूश झाले. मग त्यांनी पंगतीकडे, जिलबी खाणाऱ्या आत्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला, "अहो, मग मघाशी तिला सूर का नाही दिलात?"