अखिल गल्ली सुरक्षित मांडव

यंदा आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने साहित्याच्या निवडीत दाखवलेली दूरदृष्टी जाहीर कौतुकास पात्र आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. मंडळाने ते ‘प्रत्येकी’ असे वाचून चोवीस स्पीकरांची भिंत उभारली. भिंत मांडवाच्या बांबूंना सुतळीने बांधली आहे. बांबू हलले की त्यांना भिंत धरते, भिंत हलली की तिला बांबू. सहकार चळवळीला इतके कधी जमले नाही.

जनरेटरला टेकूनच डिझेलचा कॅन ठेवला आहे, अंधारात शोधाशोध नको म्हणून. अर्थिंगची तार जमिनीत पुरायची असते. ती तुळशीच्या कुंडीत खोचली आहे. (कुंडी प्लास्टिकची. पण माती अस्सल.) वायरींच्या जोडांना चिकटपट्टी, आणि पावसाचा भरवसा नसल्याने वर कॅरीबॅग. आग विझवायचा लाल सिलिंडरही आहे. तो तीन वर्षे कोणी वापरलेला नाही, म्हणून नवाच समजतात. त्याला रोज हार घालतात.

देखरेखीला सात जणांची सुरक्षा समिती आहे. तिची बैठक रोज संध्याकाळी न चुकता होते, पलीकडच्या गल्लीत.