श्री. थर्मिस्टर यांस अनावृत पत्र

श्री. थर्मिस्टर,
मु. वाइन कूलर, आतील जाळीमागे,
यांस सादर नमस्कार.

पत्रास कारण की, कूलरच्या दर्शनी पडद्यावर १२ अंश सेल्सिअस झळकत असताना आत पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवलेला साधा तापमापक रात्रभरानंतर २१ अंश दाखवतो, आणि या दोहोंपैकी पडद्यावरच विश्वास ठेवण्याची प्रथा असल्यामुळे नाशिकची रेड वाइन निमूटपणे उबत राहते. पडदा स्वतः काहीच मोजत नाही, तो केवळ महोदयांची जबानी वाचून दाखवतो, हे ग्राहकास कोणी सांगत नाही.

महोदयांचे कुळ थोर आहे. तापवलेल्या सिल्व्हर सल्फाइडमधून वीज अधिक सहज वाहते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये नोंदवले, आणि उष्णता वाढली की विद्युतरोध घटण्याचा तोच गुण घेऊन महोदय तांदळाच्या दाण्याएवढ्या मण्यात विराजमान असतात. २५ अंशांना १० किलोओहम रोध आणि ३९५० बीटा, म्हणजे तापमानानुसार रोध किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा अंक, असलेल्या घराण्यात २१ अंशांना सुमारे १२, तर १२ अंशांना सुमारे १८ किलोओहम भरतात. मुंबईच्या पावसाळ्यात जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि तो परस्पर ६ किलोओहमची भर घालतो; १२ अधिक ६ म्हणजे १८, सबब आत १२ अंश आहेत, असे ठरवून नियंत्रण फलक कॉम्प्रेसरला सुटी देतो. हिशेब चोख आहे. याउलट, मण्याच्या आवरणात ओल शिरली तर वीज आडवाटेने झिरपून रोध कमी भरतो, आत उकडते आहे अशी बोंब उठते, आणि वाइन गोठून बूच वर सरकेपर्यंत कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही.

दरम्यान मेकॅनिक येतो, मागच्या बाजूस कान लावतो आणि ‘गॅस गेलाय’ असे निदान करतो. गॅस भरला जातो, मग बोर्डही बदलला जातो, परंतु सर्वांत स्वस्त भाग असलेल्या महोदयांची साधी चौकशीही होत नाही. एवढे अभय रस्त्याच्या कंत्राटदारांनाही लाभत नसावे.

अर्थात सर्व पापे महोदयांची नव्हेत. पेल्टिए तत्त्वावर, म्हणजे दोन भिन्न वाहकांच्या सांध्यांतून वीज नेऊन एक बाजू थंड करण्याच्या पद्धतीवर, चालणारा छोटा कूलर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली उतरतो. मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये ३८ अंश असताना पडदा २० दाखवत असेल, तर महोदय खरे बोलत आहेत आणि म्हणूनच बदलले जाण्याचा धोका अधिक आहे.

तरी चौकशीचा आदेश असा की, वीज बंद करून महोदयांची जोडणी फलकावरून काढावी, कारण तशीच ठेवल्यास फलकावरील इतर रोध मोजमापात मिसळतात. मग जोडणी कोरडी ठेवून मणी चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवावा आणि मल्टिमीटर लावावा. वरील घराण्यात सुमारे ३३ किलोओहम भरले पाहिजेत; पिनांवर जास्त आणि थेट तारांवर बरोबर भरल्यास महोदय निर्दोष, पिना दोषी. बदली करायचीच झाल्यास वारसाचा रोध आणि बीटा दोन्ही जुळलेच पाहिजेत, नुसती तारेची लांबी नव्हे. तोवर महोदयांनी बर्फाच्या पेल्यात हजर राहावे.

कळावे, लोभ असावा.

समस्त बाटलीधारक